बघायला कोण होतं?

ज्या माणसाने आयुष्यभर ‘मला ठाऊक नाही’ एवढंच सांगितलं, त्या माणसाचा मला जितका हेवा वाटला तितका दुसऱ्या कुणाचा वाटला नाही. माझ्याहून श्रीमंत माणसं मी पाहिली, देखणी पाहिली, माझ्या हाताखालून गेलेली दोन-तीन पोरं विलायतेला जाऊन आली. त्यांचं मला काही वाटलं नाही. पण करजगी मास्तर नुसते व्हरांड्यातून चालत गेले आणि माझ्या वर्गातल्या पोरांच्या माना खिडकीकडे वळल्या, की माझ्या पोटात दुखायला लागे. ते दुखणं अजून पुरतं गेलेलं नाही.

मी पुण्याहून बी.एस्सी. होऊन सोलापूरच्या एका हायस्कुलात शास्त्र शिकवायला आलो, तेव्हा गावात शास्त्राचा पदवीधर म्हणजे अप्रूपच होतं. गिरणीचे बाबू रस्त्यात थांबवून विचारायचे, ‘सोवनी मास्तर, ग्रहण का लागतं हो?’ मी सांगायचो. मला सांगता येत नाही असा प्रश्न निदान सोलापुरात तरी कुणी विचारत नव्हता. पुढे दोन वर्षांनी गणिताला करजगी मास्तर आले आणि कानामागून आली अन् तिखट झाली, तशी गत झाली.

गुरुसिद्धप्पा करजगी हे दुधनीचे. घरी कानडी, वडिलांची शेंगांची आडत, शिक्षण धारवाडला. गणित घेऊन बी.ए. झालेला माणूस, पण बोलायचा मात्र मंगळवार पेठेतल्या हमालासारखा. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, डोक्याला कडक रुमाल, अंगात काळा कोट. त्या कोटाचा त्यांना फार अभिमान. उजव्या खिशात शेंगा आणि डाव्या खिशात टरफलं, हा त्यांचा कायमचा बंदोबस्त. कुणी काही ठासून सांगायला लागलं की ते खिशातून एक शेंग काढायचे, कानाशी नेऊन खुळखुळवायचे आणि समोरच्याला विचारायचे, ‘आत किती दानं?’ समोरचा म्हणायचा, दोन. ‘फोडून बघा.’ कधी दोन निघायचे, कधी तीन, कधी नुसतंच वाळकं टरफल. मग म्हणायचे, ‘शेंग निदान फोडता तरी येती.’ वर्गात हाच खेळ चालायचा आणि पोरं त्यावर जीव टाकायची. त्यांना एखादी गोष्ट विचारली आणि ती येत नसली, तर हा बी.ए. झालेला माणूस भर वर्गात ‘गोत्तिल्ला’ म्हणायचा. गोत्तिल्ला म्हणजे कानडीत ‘ठाऊक नाही’. पोरांनी त्यांचं नावच गोत्तिल्ला मास्तर पाडलं होतं. मला सगळं ठाऊक होतं, आणि माझं नाव काय पाडलं होतं ते मी कधी विचारलं नाही.

आमच्यात वाकडं आलं ते विश्वाच्या उत्पत्तीवरून. वाचनालयाच्या उन्हाळी व्याख्यानांत एक पुष्प मला दिलं होतं. विषय मीच निवडला. त्या काळी शाळेच्या पुस्तकांत असं होतं की आधी तापलेल्या वायूचा एक प्रचंड गोळा होता, तो फिरता फिरता चपटा झाला, त्याच्या कंबरेपासून कडी सुटली आणि त्या कड्यांचे ग्रह झाले. नुसतं सांगून भागणार नाही म्हणून मी प्रयोग बसवला. काचेच्या हंडीत स्पिरिट आणि पाणी बेताने मिसळून त्यात करडईचं तेल सोडलं की ते वरही येत नाही, खालीही बसत नाही, मधोमध गोळा होऊन तरंगतं. त्यातून एक सळई घालून हळूहळू फिरवली की गोळा चपटा होतो आणि त्यापासून एक कडं सुटतं. तेल दिसावं म्हणून रतनजोत घालून लाल केलं होतं. कितीतरी दिवस शाळा सुटल्यावर मी त्याच्यामागे होतो.

व्याख्यानाला दालन भरलं होतं. बायकांच्या बाजूला माझी बायको पहिल्या रांगेत होती. मी सळई फिरवली, लाल गोळा चपटा झाला, कडं सुटलं, त्याचे थेंब झाले आणि ते थेंब त्या गोळ्याभोवती फिरू लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष डॉक्टर होते, ते म्हणाले, आज सोलापूरकरांनी सृष्टीचा जन्म पाहिला. तो दिवस तिथेच संपता तर माझं आयुष्य सुखात गेलं असतं. पण अध्यक्षांनी ‘कुणाला काही शंका?’ असं विचारलं आणि करजगी मास्तर उठले.

‘फार सुंदर,’ ते म्हणाले. ‘डोळ्याचं पारनं फिटलं. येकच विचारतो. आजच्या आधी ह्यो प्रयोग कधी फसला का?’

‘बऱ्याचदा,’ मी म्हणालो. खोटं कशाला बोलू?

‘फसला म्हंजे काय झालं?’

‘कधी गोळा फुटला. कधी तळाला बसला. कधी कडंच सुटलं नाही.’

‘मग त्ये गोळे कुटं हायत?’

‘ओतून टाकले.’

‘आन् ह्योच ठिवला.’ त्यांनी मान हलवली. ‘मग मास्तर, देवाघरीबी ह्योच गोळा ठिवला आन् बाकीचे वतून टाकले, हे बघायला कोन होतं?’

दालनात हशा पिकला. मी चिडून म्हटलं, ‘मग तुमच्या मते विश्व कसं झालं?’

‘गोत्तिल्ला,’ ते म्हणाले आणि खाली बसले.

माझ्या कड्याला मिळाल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या त्या एका शब्दाला मिळाल्या. बायकांच्या बाजूला पाहिलं तर आमची ही तोंडाला पदर लावून हसत होती. आम्ही घरी निघालो. दाराशी आल्यावर ती म्हणाली, ‘बाकी विचारलं मात्र बरोबर हो त्यांनी.’ ती चार वर्षं माझ्या घरात होती, पण ताऱ्यांबद्दल तिने मला कधी एक प्रश्न विचारला नव्हता. त्यानंतर करजगी मास्तर घरी आले की ती चहाचा कप देता देता विचारायची, ‘मास्तर, शुक्र एवढा का हो चमकतो?’ मी तिथेच बसलेला असायचो.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी त्यांना गाठलं. म्हटलं, ‘एवढं तरी म्हणा की माझं म्हणणं शक्य आहे.’

‘शक्य हाय की,’ ते म्हणाले. ‘मान्य न्हाय.’

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच किडा शिरला. ह्या माणसाकडून एकदा, एकदाच ‘मान्य’ म्हणवून घ्यायचं. ग्रहणांवर, धूमकेतूंवर, दगडातल्या शिंपल्यांवर मी त्यांच्याशी वाद घातले. ज्यात मी हमखास बरोबर असायचो तिथेही ते शेंग खुळखुळवून ‘आसंल’ म्हणायचे आणि पुढे सरकायचे. त्यातच पुस्तकं बदलली. गोळा आणि कडी मागे पडली आणि नवं मत आलं: एक मोठा तारा वाटेने जाताना सूर्याच्या जवळून गेला, त्याच्या ओढीने सूर्यातून जिभेसारखा लोळ बाहेर आला आणि त्याच्या तुकड्यांचे ग्रह झाले. मी इमानाने ते शिकवायला लागलो. मास्तरांनी व्हरांड्यात गाठलं. ‘सोवनी मास्तर, मागच्या साली तुमी कडं सांगितलं, औंदा जीभ सांगता. पोरांनी कुनच्या सालात नापास व्हावं?’ माझा तिळपापड झाला.

मास्तर शास्त्राची टर उडवतात ही बातमी गावात पसरली, तेव्हा काही सनातनी मंडळींना फार आनंद झाला. त्यांनी धर्मशाळेत सभा भरवली, पाश्चात्यांच्या खोट्या मतांचं खंडन करायला. मास्तरांना व्यासपीठावर बसवलं, गळ्यात शेवंतीचा हार घातला. मीही गेलो आणि मागे खांबाआड बसलो. मला वाटलं, आज हा माणूस एका बाजूला पडणार आणि त्याचं ते ‘गोत्तिल्ला’ कायमचं संपणार. एका शास्त्रीबुवांनी सुवर्णाच्या अंड्यातून सृष्टी कशी झाली ते रसाळ सांगितलं आणि मास्तरांना दोन शब्द बोलायची विनंती केली.

मास्तर हात जोडून उभे राहिले. ‘शास्त्रीबुवांनी सांगितलं ते आयकून लई बरं वाटलं. मी सवता रोज लिंगपूजा केल्याबिगर पानी घेत न्हाय. हात जोडायला मला पुरावा लागत न्हाय. पन पोरांना वर्गात सांगायला लागतो. म्हनून शास्त्रीबुवांनाबी तेच विचारतो. अंडं फुटलं तवा बघायला कोन होतं?’

सभेत गलका झाला. कुणीतरी ओरडलं, ‘मग सायबाचं खरं म्हणा की.’

‘त्येचंबी न्हाय. आपन गड्ड्याच्या जत्रेत वासराची भाकणूक बघतो का न्हाय? उपाशी वासरापुढं धान्य, गूळ ठिवायचा, ते कशाला तोंड लावतं त्यावरनं साल कसं जाईल ते सांगायचं. वासराची भाकणूक मला आवडती. का? तर ते म्होरच्या सालाचं सांगतं. साल येतं, खरं का खोटं कळतं. पहिल्या सालाची भाकणूक सांगनाऱ्याला कसली भीती? ते साल काय परत येत न्हाय.’

शास्त्रीबुवा रागाने उठून गेले. पाठोपाठ यजमान गेले. मास्तर पायऱ्या उतरले ते गळ्यात हार तसाच, खिशातली शेंग फोडत. शास्त्रवाले त्यांचे नव्हते, धर्मवालेही आता राहिले नाहीत, आणि ह्या माणसाला त्याचं काही नव्हतं. मी खांबाआडून पाहत राहिलो. मला हे कधी जमलं नसतं, आणि म्हणून मला त्यांचा भयंकर राग आला.

पुढे मला हिवताप झाला आणि सबंध सहामाहीत माझा वर्ग त्यांनी घेतला. नेमकी त्याच वेळी तपासणी आली. इन्स्पेक्टरने विचारलं, पृथ्वी कशी झाली? एक विणकराचा पोरगा उठला. त्याने गोळ्याचं मत सांगितलं, ताऱ्याचं मत सांगितलं, दोन्हींत काय जुळतं आणि काय जुळत नाही तेही सांगितलं. मला नंतर ते शब्दशः कळलं. माझ्या हाताखाली कुठल्याही पोराने ते इतकं नीट सांगितलं नव्हतं. इन्स्पेक्टर म्हणाला, ‘यातलं खरं कोणतं?’ पोरगा म्हणाला, ‘ठाऊक नाही, साहेब. बघायला कुणी नव्हतं.’

साहेब मास्तरांकडे वळला. ‘हे तुम्ही शिकवलंत?’

‘व्हय.’

‘हे चूक आहे.’

‘आसंल की,’ मास्तर म्हणाले.

हेडमास्तरांची जागा त्याच वर्षी रिकामी झाली. सगळ्यांना वाटत होतं ती मास्तरांना मिळणार, मिळाली मला. मला वाटलं, आता तरी हे पोटातलं दुखणं थांबेल. मास्तर ओंजळभर शेंगा घेऊन अभिनंदनाला आले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. थोडं तरी जळत असेल, थोडं तरी वाईट वाटलं असेल. काही सापडलं नाही. ते गेल्यावर मी त्या शेंगा शिपायाला देऊन टाकल्या. हेडमास्तरांच्या खोलीची खिडकी व्हरांड्यावर उघडत होती. मधली सुट्टी झाली की पोरं कुणाच्या मागे जातात ते आता मला खुर्चीत बसून दिसत असे.

पण खरी जखम झाली ती माझ्या घरात. बायकोला विषमज्वर झाला. डॉक्टर म्हणाले, तिसरा आठवडा निघाला पाहिजे. मी रजा काढून उशाशी बसलो. कपाळावर घड्या ठेवायच्या, मोसंबीचा रस चमच्याने पाजायचा, आणि ती विचारील तेव्हा सांगायचं, ‘तू बरी होणार. नक्की होणार.’ ती तोंड भिंतीकडे फिरवायची. एका संध्याकाळी करजगी मास्तर आले. दारातच चपला काढून खुर्चीवर बसले. तिने त्यांना विचारलं, ‘मास्तर, मी बरी होईन का?’

त्यांनी उशाशी ठेवलेला तापाचा कागद उचलून पाहिला. मग म्हणाले, ‘गोत्तिल्ला, वहिनी. डाक्टरलाबी ठाऊक न्हाय. पन कालच्यापेक्षा आज ताप उतरलाय. कागद मी आत्ताच बघितला. एवढं खरं हाय.’

मी त्यांना बाहेर काढायलाच उठलो होतो. वळून पाहिलं तर तिचे डोळे मिटले होते. दहा-बारा दिवसांत तिला पहिल्यांदा स्वस्थ झोप लागली होती. ती बरी झाली. मग जो कोणी समाचाराला येईल त्याला तिचं ठरलेलं सांगणं, ‘मास्तर गोत्तिल्ला म्हणाले आणि मला धीर आला.’ घड्या ठेवून माझे हात पांढरे पडले होते. शेवटी एकदा मी विचारलंच, ‘मी रोज सांगत होतो, त्याने का नाही धीर आला?’

ती म्हणाली, ‘तुम्हाला काय, सूर्य कसा झाला तेही ठाऊक, मी बरी होणार तेही ठाऊक. त्यातलं नेमकं कुठलं खरं धरायचं माणसाने?’

ती हे रागाने म्हणाली नाही. भाजी निवडता निवडता म्हणाली.

मास्तरांची तब्येत अकाली ढासळली. नोकरी सोडून ते दुधनीला गेले. त्यांच्यामागे शाळेत मी सुखी व्हायला हरकत नव्हती, पण व्हरांडा रिकामा झाला आणि मला भांडायला कुणी उरलं नाही. अशात एका मासिकात वाचलं की ताऱ्याच्या ओढीचं ते मतही आता हिशेबात बसेना. ज्या दिवशी वाचलं त्याच्या पुढच्याच रविवारी, आधी पत्र टाकून, मी दुधनीची गाडी पकडली. स्टेशनवर त्यांचा मुलगा उतरवून घ्यायला आला होता. चालता चालता त्याने सांगून टाकलं, ‘डाक्टर म्हनले, दिवाळी बघत न्हाईत आप्पा.’

मास्तर पुढच्या खोलीत खाटेवर होते. रुमालाशिवाय मी त्यांना प्रथमच पाहत होतो. ‘बर्री, बर्री, हेडमास्तर,’ त्यांनी कानडीत ‘या, या’ केलं. विभूतीचे पट्टे होते. उशाशी वाटीत शेंगा होत्या, पण त्या फोडलेल्या नव्हत्या.

मी म्हटलं, ‘मास्तर, तुम्ही जिंकलात. ती जीभ खोटी ठरली.’

मला वाटलं ते हसतील. ते हळहळले. ‘अरारा. चांगली होती की. पोरांना लई आवडायची.’ मग म्हणाले, ‘आता काय म्हंत्यात?’

‘आता म्हणतात सगळं विश्वच फुगत चाललंय. तारकांचे पुंजके एकमेकांपासून लांब पळतायत.’

‘कुनाला भिऊन?’ त्यांना हसू आलं आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली. सून पाणी देऊन गेली. ‘कॉफी टाकते,’ म्हणून ती आत वळली. खोकला थांबल्यावर मास्तरांनी पेला खाली ठेवला.

‘सोवनी,’ ते म्हणाले. मास्तर नाही, हेडमास्तर नाही, नुसतं सोवनी. ‘मी बरा हुईन का?’

ज्याने मला आयुष्यभर ‘कशावरनं?’ विचारलं तो माणूस माझ्याकडे उत्तर मागत होता. मुलाने सांगितलेलं माझ्या कानात होतं. मला दुसरं काही बोलताच येईना. वर्गात बोलायचो त्याच आवाजात मी म्हणालो, ‘होणार. नक्की होणार.’

मी वाट पाहत होतो. ते विचारतील, कोण बघून आलंय? त्यांनी वाटीतली एक शेंग घेतली. कानाशी नेऊन खुळखुळवली. मग ती माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं तिच्यावर मिटवली. आत किती, ते विचारलं नाही.

‘मान्य,’ ते म्हणाले.

मग कूस वळवून त्यांनी डोळे मिटले. कॉफी आली तेव्हा ते झोपले होते. मी त्यांना उठवू दिलं नाही. त्यांना पाहिलं ते तेवढंच. दसऱ्याच्या आतच ते गेले.

त्या दिवशी मी घरी परतलो तेव्हा बायको जागची उठून दारात आली. कसे आहेत, काय खातात, सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणालो, ‘मला मान्य म्हणाले.’

ती माझा कोट खुंटीला लावत होती. खिशात हात घालून तिने ती शेंग काढली, सवयीने फोडली आणि दाणे तोंडात टाकले.

‘मास्तर?’ ती म्हणाली. ‘शक्य नाही. ऐकायला कोण होतं तिथं?’

सून आत कॉफी करत होती. मुलगा मला दारात सोडून आडतीच्या दुकानात गेला होता. तिथं दुसरं कुणीच नव्हतं.